एसी मागे, दादा पुढे

६ मार्च, गुरुवार

तळवड्याला जाऊन हात हलवत परत. गुरुवारी तिकडे लाइट नसते हे इतकी वर्षं इथे राहूनही विसरायला होतं. गायकवाडांचं वर्कशॉप बंद, शटर अर्धं खाली. आत अंधारात आमची बस. सीटा काढल्यापासून ती उगाच लांब दिसते.

दादा शटरखालून वाकून आत गेला. बोनेटवर थाप मारून आला. ‘ठीक हाय,’ म्हणाला. तपासायला काय होतं, कुणास ठाऊक.

त्याचीच बस ही. निघोज्याहून शिफ्टची माणसं भरून चाकणच्या कंपनीत न्यायची, परत आणायची. कंत्राट संपलं, मालकाने गाडी काढली, त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याने, अविनाशने, मुदतीआधी नोकरी सोडली आणि बसचं घर करून हिंडायचं खूळ घेतलं. दादा म्हणाला, ‘दुसरी नगा बघू. हिचं दुखनं-खुपनं मला ठाऊक हाय.’ घेतली. चालवणारही तोच.

पहिली फेरी बार्शीला, मावशीकडे. आईला तिला भेटायचंय. मावशी आता अंथरुणातच असते. आई रोज विचारते, झाली का गाडी.

९ मार्च

दिवसभर एसी. अ. लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर, मी भाजी निवडत.

इंजिनवर चालणारा घेतला तर गाडी उभी केली की बंद. टपावरचा घेतला तर उंची वाढते, आकुर्डीकडच्या पुलाखालून जाईल की नाही देव जाणे, आणि वजन वेगळंच. घरचा स्प्लिट बॅटरीवर चालवायचा तर स्वस्त, गारही चांगला, पण खड्ड्यांनी तांब्याची नळी तुटते म्हणतात. मी म्हटलं, कूलर घेऊ. अ.ने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी परत भाजीकडे वळले.

शेवटी स्प्लिटच. पण पुरायचा असेल तर मागची खोली बंदिस्त हवी. पुढे इंजिन गाडीच्या आतच, ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी. ‘शेगडी घरात ठेवून घर गार करायचं का? मध्ये भिंत घालू, तिला काचेचं दार.’ अ. हे बरोबर बोलला. मलाही पटलं. ते दार काय करील, याचा विचार दोघांनीही केला नाही. म्हणजे मी केला नाही. अ.चं सोडा.

मागच्या उन्हाळ्यात आई अंगणात चक्कर येऊन पडली होती. हे लिहून ठेवते, कारण

१२ मार्च

तळवडे. गायकवाड टेप घेऊन वर चढलेले. झुपकेदार मिशांचा गप्पिष्ट माणूस, बसेसची बॉडी बांधतो, एसीही बसवतो. भिंतीची जागा खडूने आखली. मग म्हणाले, ‘मॅडम, ड्रायव्हर साइडला एक जाळी काढून देऊ का? थोडी हवा तिकडं जाईल.’

मी म्हणाले, ‘नको हो. मागचं गार राहिलं पाहिजे. ड्रायव्हरला सवय असते.’

असते. एखाद्या प्रकारच्या माणसांबद्दल बोलावं तसं.

वळले तर दादा पायरीवर, हातात फडकं.

‘व्हय,’ म्हणाला. ‘सवय हाय.’

हसला. गायकवाड हसले. मग मीही हसले.

१३ मार्च

काल घरी येताना दादा नेहमीसारखाच बोलला. टायर, सर्व्हिस रोडचं खोदकाम, वहिनीचा गुडघा. म्हणजे त्याने मनावर घेतलं नाही असं मी ठरवलं. सकाळी उठले तर ठरलेलं काही राहिलं नव्हतं.

‘माझ्या भावाला’ म्हणाले असते तर वाक्य तोंडातून निघालंच नसतं. ‘ड्रायव्हरला’ म्हणाले म्हणून निघालं. गायकवाडांना आमचं नातं मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? विषय निघाला नाही, हे एक उत्तर. दुसरं मला लिहायचं नाही.

१७ मार्च

भिंत झाली. दादाने बस वर्कशॉपमधून आणून आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर लावली. वर आला, चहा नको म्हणाला आणि चावी टेबलावर ठेवली.

‘मॅडम, चावी.’

एरवी त्याच्या तोंडी मी शुभे. मला वाटलं, थट्टा. म्हणून मीही म्हणाले, ‘ठेवा ठेवा.’ त्याने टेबलावरून उचलून दारामागच्या खिळ्याला लावली आणि गेला.

आमच्या बसची चावी पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे. काळ्या दोऱ्यात ओवलेली, खिशात. अ.ला एकदा बस बघायला जायचं होतं तर निघोज्याला फोन करावा लागला होता. आम्हाला ते गमतीचं वाटायचं.

कंत्राटी ड्रायव्हर सुटताना चावी गेटवर जमा करतो. मग पायी घरी.

२० मार्च, गुरुवार

आज परत. ‘मॅडम, चावी.’ दारातूनच. चपला काढल्या नाहीत.

अ. म्हणाला, ‘सरळ विचार ना त्यांना, काय झालं म्हणून.’

काय झालं ते मला माहीत आहे. विचारायचं काय?

२३ मार्च

कपाट आवरताना जुना दिवाळी अंक सापडला. त्यात माझा लेख. दादाच्या डाव्या पायावर. बोनेटच्या धगीने त्या पायावरचे केस कायमचे गेलेत, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी गुळगुळीत, उजव्या पायावर मात्र जंगल. लहानपणी भाचरं त्याला दोन रंगांचा मामा म्हणायची. मी ते सगळं फार हळुवार लिहिलंय. लोकांनी पत्रं पाठवली होती. एका बाईंनी फोनवर रडत रडत सांगितलं, तुमची नजर किती जिव्हाळ्याची.

लेख उभ्यानेच वाचला. चांगला आहे, हेच वाईट.

दादाने तो वाचला होता का, आठवत नाही. अंक दिला होता हे आठवतं. वहिनीने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवला होता.

२५ मार्च

उपाय सापडला. गायकवाडांना फोन. ट्रकच्या केबिनला बसतो तसला छोटा एसी असतो, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. मी म्हटलं, तो पुढे बसवा. दादाला सांगू नका, मीच दाखवीन.

अ.ला सांगितलं. तो म्हणाला, ‘चांगलं केलंस.’ मग, ‘दादांना विचारलंस?’

सरप्राइज आहे म्हणाले.

दिवसभर बरं वाटलं. आईसाठी शेवया करून ठेवल्या.

३० मार्च, पाडवा

निघोजे. पुरणपोळी. आईला गुढीपाशी खुर्ची दिली होती, ती तिथूनच सगळ्यांना हुकूम सोडत होती.

वहिनी पोळी वाढताना म्हणाली, ‘मॅडमला तूप वाढा गं कुणीतरी. न्हाईतर आमच्या ड्रायव्हरला बोल लागंल.’

दादा मान खाली घालून जेवत होता. ‘गप की,’ म्हणाला, पण हसू दाबत. म्हणजे घरात हे रोज चालू आहे.

मीही काहीतरी बोलले. तूप पुरे वगैरे. पोळी संपवली, माहेरी पानात टाकत नाहीत.

आईला काही कळलेलं नाही. ‘कोन मॅडम? कोन यायचंय अजून?’ विचारत होती.

३ एप्रिल, गुरुवार

पुढचा एसी बसला. गायकवाडांकडे वर्कशॉपमध्ये लाइट नव्हती, पण याला लागतही नाही. दादाला पायरीवर चढवलं आणि बटण दाबून दाखवलं. मला वाटतं, टाळी वाजवायचीच काय ती बाकी होती.

‘कुनी सांगितलं बसवाया?’

‘मी.’

त्याने एसीच्या जाळीपुढे हात धरला. बराच वेळ. ‘गार हाय,’ म्हणाला.

मग खाली उतरला. गायकवाडांना म्हणाला, ‘काचंचं रबर बगा, आवाज करतंय.’ मला काही नाही.

घरी आल्यावर, ‘मॅडम, चावी.’

दुसऱ्यांदा तेच केलं. पहिल्यांदा नको म्हणून ठरवलं, आता हवं म्हणून. दोन्ही वेळा तो पायरीवर.

६ एप्रिल

चाचणी. आईला घेऊन चाकणपर्यंत. ऊन रणरणतं.

मागे खरोखर गार. आई पलंगावर मांडी घालून, मग गोधडी मागितली, मग खूश. खिडकीतून कंपन्यांच्या पाट्या वाचत होती. ‘हितं आपलं हरभऱ्याचं रान हुतं,’ असं दर फर्लांगावर.

काचेच्या दारातून दादाची पाठ दिसत होती. पुढचा एसी त्याने लावलाच नाही. खिडकी उघडी, कोपर बाहेर, शर्ट पाठीला चिकटलेला.

आई त्याच्याशी बोलत होती. ‘बाळू, हळू रं. बाळू, त्यो टेंपू बग. बाळू, भूक लागली का?’ तो वळला नाही. ती परत बोलायची. आवाज चढवायची. तिचा आवाज केवढासा, काच जाड, वर एसीची घरघर.

‘रुसलाय का माझ्यावं?’ तिने मला विचारलं.

‘ऐकू जात नाही गं त्याला.’

‘कसं? हितं तर बसलाय.’

मी उठून दार सरकवलं. गरम वाफ आत आली आणि आईने पदर नाकाला लावला. बंद केलं.

७ एप्रिल

वहिनीचा फोन. आईला रात्रीपासून कणकण. काही नाही, गार-गरम झालं असेल. ‘तुमच्या यशीनं,’ म्हणाली. मग लगेच, ‘न्हाई ओ वन्सं, थट्टा केली.’

बार्शीचं दादा बोलतच नाही. अक्षय्य तृतीयेच्या आधी जाऊ असं ठरलं होतं. ‘येशील ना तू?’ असं आज फोनवर त्याला विचारणार होते. ‘आईला बरं आहे ना?’ विचारून ठेवून दिला. तो नाही म्हणाला तर दुसरा ड्रायव्हर मिळेलही. आई दुसऱ्याच्या गाडीत बसणार नाही. आणि मावशी

९ एप्रिल

आज ठरवून गेले. गायकवाडांपुढे उभी राहून म्हणाले, ‘तुम्हाला सांगायचं राहिलं. हे माझे सख्खे भाऊ आहेत. थोरले.’

दादा पलीकडे टायरपाशी होता. मुद्दाम तो ऐकेल असं बोलले.

गायकवाडांनी तोंडातला स्क्रू काढला. ‘मॅडम, ते मला पहिल्या दिवसापासून माहितीय. तोंडं सारखीच आहेत दोघांची. नाक तर एकाच साच्यातलं.’

म्हणजे त्या दिवशी जाळी काढू का विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. मी कुणाबद्दल बोलतेय ते त्यांना माहीत होतं. मला वाटत होतं मी अनोळखी माणसापुढे बोलले.

कान अजून गरम आहेत. दादाने टायरमधून मान वर केली नाही.

१५ एप्रिल

दादा बस घेऊन चाकणला निघाला होता, चाकांचं काम होतं. दुपार. मी पुढच्या दाराने चढले आणि बोनेटच्या बाजूच्या फळीवर बसले.

‘मागं बस की. यशी हाय.’

‘नाही.’

‘बरं मॅडम.’

तळवड्याच्या चौकातच कंटेनरच्या रांगेमागे अडकलो. बोनेटची धग सलवारीतून आत येते. आधी घोटा, मग पोटरी. मी पाय हलवला नाही. हे लिहिताना स्वतःचा राग येतो, कारण तेही दाखवायलाच होतं. सोसतेय बघ, असं.

त्याने बरोबर ओळखलं. ‘नाटकं करू नको. पाय काढ तितनं, भाजंल.’

‘तुझा भाजला तेव्हा?’

‘माझ्या पायावर लेख झालाय,’ म्हणाला. ‘तुझ्या पायावर कोन लिव्हनार?’

वाचला होता तर.

मी हसले आणि मग हसू राहिना, दुसरंच काही यायला लागलं. खिडकीकडे तोंड केलं. त्याने बघितलं असेल तर दाखवलं नाही. कंटेनरवाल्याला एक शिवी दिली, मग हॉर्न.

मग मीच. ‘त्या दिवशी मी बोलले ते...’

‘खोटं न्हवतं ते. सवय हाय मला.’ गिअर टाकला. ‘गायकवाड बोलला असता तर काय न्हवतं. तू बोलायचं न्हवतंस.’

इतकंच. मला वाटलं होतं तो रागावेल किंवा जाऊ दे म्हणेल. दोन्ही नाही.

महाळुंग्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला. मी विचारलं, ‘दादा, एसी कसा हवा तुला? तू सांग.’

‘मला काय कळतंय त्यातलं. भावजींना इचार.’

‘तुला विचारतेय.’

त्याने एक टेंपो पुढे जाऊ दिला. मला वाटलं, संपलं बोलणं. मग म्हणाला, ‘यशीचं काय न्हाई. ते मधलं दार. ते काय बरं न्हाई.’

‘गरम होतं म्हणून?’

‘गरमचं घेऊन बसलीस. अगं, मागं शिफ्टची मानसं कालवा करायची. कुनाचं लगीन, कुनाचा ओव्हरटाइम, शिव्या, गानी. एक पोरगी रोज सासूची नक्कल करायची. त्या आवाजावर चालती गाडी. आता मागनं काय येतच न्हाई. डोळा लागतो मला. भ्या वाटतं.’ आरशाकडे मान केली. ‘त्या दिशी आई बोलत हुती. तोंड हालताना दिसत हुतं. काय म्हनत हुती?’

‘हळू चालव म्हणत होती.’

‘तेच म्हननार ती,’ म्हणाला. आणि खरंच हळू केली.

घोट्यावर लाल चट्टा आलाय. अ.ला दाखवला नाही.

१६ एप्रिल

अ. दारावरून चिडला. चिडणं त्याचं रास्त आहे. ‘दार काढलं तर हा एसी पुरणार नाही. पुढचं इंजिन सगळं गिळून टाकेल. बार्शीला जायचंय, महाबळेश्वरला नाही. आईंना पुन्हा चक्कर आली तर?’

‘दादाचा डोळा लागला तर?’

लॅपटॉप मिटला त्याने. मग म्हणाला, ‘हे त्यांनी आधी का नाही सांगितलं?’

मी त्याच्याकडे बघितलं. ‘बरं,’ म्हणाला. ‘विचारलं नाही आपण.’

आपण म्हणाला. तेवढ्याने मला थोडं... नको. वाटून घेण्यासारखं नाही हे.

१८ एप्रिल

गायकवाडांशी, दादासकट तिघांनी मिळून बोलणं. आज दादा पायरीवर नव्हता, आत पलंगाच्या कडेला बसला होता. अ.ने कागद त्याच्यापुढे केला. टपावरचा मोठा घेतला तर दार न ठेवता सगळं गार. पण पूल आडवा येतो. दादा म्हणाला, ‘पुलाचं मी बगतो, दुसऱ्या रस्त्यानं काढीन. पर एवढं वजन वर घेऊन घाटात नगं.’ बोनेटला जाड गादीचं आवरण शिवलं तर धग कमी येईल, हे गायकवाडांचं. दुपारचं जायचंच नाही, पहाटे निघायचं, हे आईचं, फोनवरून. कुणी विचारलं नव्हतं तिला. तिने विचारायची वाट बघितली नाही.

काही ठरलं नाही. दार काढून बघू, एवढंच. गायकवाड म्हणाले, ‘चौकट ठेवतो. परत लावायचं म्हणालात तर.’

२२ एप्रिल

दार काढलं. बोनेटवर गादीचं आवरण, पोपटी, गायकवाडांची निवड. आईला घेऊन पुन्हा चाकण.

पूर्वीइतकं गार नाही. आईचं कपाळ ओलसर होतं, मी सारखी पुसत होते आणि ती सारखी हात झटकत होती. तिला ऊन सोसेल का, मला अजून कळत नाही. बार्शीपर्यंत तास नव्हे, दिवस जाईल.

पण बोलत होती. जाताना, येताना. ‘बाळू, त्यो टेंपू बग.’ ‘बगितला.’ ‘बाळू, हितं आपलं रान हुतं.’ ‘व्हय, आन तितं तू मला हानलं हुतं.’ ‘बोरं चोरलीस म्हनून हानलं.’ मागे न वळता तो एकेकाला उत्तर देत होता. अ. मध्ये बसून कधी थर्मामीटर बघत होता, कधी या दोघांकडे.

माझ्याशी दादा फारसं बोलला नाही. मॅडम नाही म्हणाला. शुभेही नाही म्हणाला. गाडी प्लॉटवर लावली, वर आला, चहा घेतला. बशीत ओतून. अ.शी टायरच्या हवेबद्दल बोलला. बार्शीचं मी काढलं नाही, त्यानेही नाही. आईला मोटारसायकलवर मागे बसवून गेला. तिने जाताना विचारलं, ‘मग कवा निघायचं?’ त्याने किक मारली.

आता कपबश्या विसळल्या आणि दार लावायला गेले तर दारामागचा खिळा रिकामा.

टेबलावर बघितलं. फ्रीजवर, देव्हाऱ्यापाशी. नाही.

अ. म्हणाला, ‘विसरून खिशात गेली असेल. फोन कर.’

असेलही. फोन हातात घेतला होता. परत ठेवला.